श्वासासाठी, दिसण्यासाठी नाही

५ जानेवारी, सकाळी

ऐक गं म्हातारे. हे सगळं तूच सांगितलेलं आहे, आणि चार दिवसांनी तूच विचारणार आहेस की हे कुणी सांगितलं. गेल्या आठवड्यात तू एक मजला जास्त चढलीस, दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावलीस, आणि दार उघडणाऱ्या भल्या माणसालाच विचारलंस, तुम्ही आमच्या घरात काय करताय. तेव्हा तुझ्या डोक्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. रोज फोनला सांगायचं. तो लिहून घेईल, तारीख घालेल, लागेल तेव्हा वाचून दाखवेल. तुला अक्षर येत नाही हे त्याला ठाऊक आहे, पण तो चारचौघांत बोलत नाही.

तर लक्षात ठेव. नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. का? श्वास अडतो म्हणून. डॉक्टरने विचारलं तरी श्वास, विमा कंपनीने विचारलं तरी श्वास, सूनबाईने विचारलं तरी श्वास.

खरं कारण फक्त इथे. खरं कारण ताई.

८ जानेवारी, गुरुवार. सुट्टी

ताईच्या वृद्धाश्रमात जाऊन आले.

ताई माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर तिने मला साठ वर्षं धाकटे, धाकटे म्हणून राबवलं. आम्ही जुळ्या. एकीला खोकला झाला की आई औषध दोघींना पाजायची, उगाच चूक नको म्हणून. नाक तर एकच होतं, दोन ठिकाणी बसवलेलं. पण गेल्या सप्टेंबरात हॉटेलच्या लाँड्रीत वाळवणीच्या मशीनचं गोल दार निसटलं आणि माझ्या तोंडावर आलं. नाक डावीकडे गेलं आणि तिकडेच रमलं.

तेव्हापासून ताई मला ओळखत नाही. बाई म्हणते. अहो-जाहो करते. माझ्या जिवाचं पाणी होतं.

आज गेले तर ती कपाटाच्या आरशासमोर उभी. आरशात बघून विचारत होती, धाकटे, जेवलीस का? मी मागून म्हटलं, हो जेवले. तर वळून मला म्हणते, बाई, जरा बाजूला व्हा, आम्ही बहिणी बोलतोय.

म्हणजे बघ. धाकटी तिच्या लक्षात आहे. सरळ नाकाची धाकटी तिला बरोबर ओळखता येते. बिघाड तिच्या डोक्यात नाही, माझ्या नाकात आहे. आणि नाकाला इलाज असतो.

नर्स म्हणाली, आजी, तुमच्या ताई मलाही रोज नवीन समजतात. मी म्हटलं, तुम्ही रोज वेगळी क्लिप लावता.

९ जानेवारी

नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे. वय सूनबाईएवढं, हात थंडगार. त्यांनी नाकाखाली स्टीलची गार पट्टी धरली आणि श्वास सोडा म्हणाल्या. उजवीकडे पट्टीवर वाफेचा गोल उमटला, डावीकडे काही नाही. आतला पडदा वाकडा झालाय म्हणाल्या.

विम्याचं त्यांनी असं समजावलं. नाक छान दिसावं म्हणून ऑपरेशन केलं तर कंपनी हात वर करते. श्वास अडत असेल आणि अपघाताने अडत असेल तर कंपनी बघते. पण तीन गोष्टी लागतात. अपघाताची नोंद. अपघाताच्या आधीचा फोटो. आणि सहा आठवडे रोज दोन वेळा नाकात स्प्रे मारूनही उपयोग झाला नाही असं दिसलं पाहिजे. मी विचारलं, स्प्रेने हाड सरळ होतं का? म्हणाल्या, नाही आजी, पण कंपनीला ते आधी करून बघायचं असतं.

विमा लाँड्रीच्या नोकरीवरचा आहे. एकतीस मार्चला मी रिटायर, त्या दिवशी विमाही रिटायर. बोटांवर मोजलं. स्प्रे फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेला संपतो, मार्चात ऑपरेशन, एप्रिलात ताई मला धाकटे म्हणेल. भरपूर वेळ आहे.

आजपासून स्प्रे. सकाळ-संध्याकाळ. एकही दिवस चुकायचा नाही.

१३ जानेवारी

स्प्रे चुकला नाही. कालचा संध्याकाळचा फक्त आज सकाळी मारला. नाकाला काय घड्याळ कळतंय.

१७ जानेवारी, दुपारी, लाँड्रीत चहाच्या वेळी

घात झाला. श्वास आला.

सकाळी चादरींची घडी घालताना अचानक साबणाचा वास आला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. चादरीचं टोक माझ्या हातातून सुटलं. घडीला समोर जी जोडीदारीण असते ती म्हणाली, काय झालं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, बरं वाटतंय गं, तेच तर.

हा श्वास धरायचा नाही. चुकून आलेला आहे.

२० जानेवारी

विचार करून मार्ग काढला. स्प्रे रोजच्या रोज मारायचा, बाटलीही वेळेवर संपली पाहिजे. फक्त नाकाऐवजी रुमालात. यात फसवणूक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या स्प्रे मारा. कुठे, ते मी जास्त खोलात विचारलं नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

ताईकडे जाताना युक्ती केली. नाक दिसलंच नाही तर? मास्क लावला. डोळे, कपाळ, केस सगळं आमचं दोघींचं सारखं. आत गेले आणि नुसती उभी राहिले. ताईने पटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. म्हणाली, डॉक्टर, मला इंजेक्शन नको.

मास्कमुळे झालं. स्कार्फ घ्यायला हवा होता.

२६ जानेवारी

लाँड्रीतला चादरी टांगायचा चिमटा नाकाला उलट बाजूने लावून बघितला. पंधरा मिनिटं. नाक सरळ झालं नाही, लाल झालं. नातीने पाहिलं आणि तीही आपल्या नाकाला चिमटा लावून फिरायला लागली. सूनबाईने दोघींचे चिमटे काढून घेतले आणि मला म्हणाली, आई, निदान तुम्ही तरी मोठ्यासारखं वागा.

२९ जानेवारी, गुरुवार

स्कार्फ. ताईने बेल वाजवून नर्सला बोलावलं, चोर आलाय म्हणून.

नाक मोकळं दिसलं पाहिजे आणि सरळ दिसलं पाहिजे. दुसरा रस्ता नाही हे आता सिद्ध झालं.

२ फेब्रुवारी

अपघाताच्या नोंदीसाठी विमा कंपनीला फोन केला. तिकडची बाई पहिलं वाक्य म्हणते, लाइनवर थांबा. मधलं वाक्य म्हणते, लाइनवर थांबा. मी तिचं नाव थांबाबाई ठेवलंय. आवाज मात्र गोड आहे, माझा जीव जात असताना ऐकायला बरा.

मग सुपरवायझरकडे गेले. त्याने सप्टेंबरचं अपघाताचं रजिस्टर काढलं आणि वाचून दाखवलं. किरकोळ मार. कामगार बाई म्हणाली, काही झालेलं नाही.

आता हे मी म्हटलं होतं, कबूल. दोन मजल्यांच्या चादरी पडल्या होत्या, तेव्हा काय रडत बसू? पण मी म्हटलेलं असं लगेच लिहून काढायचं कशाला? साठ वर्षांत माझं कुणी काही लिहून ठेवलं नाही, आणि लिहिलं ते हे.

सुपरवायझर म्हणाला, रजिस्टर आता बदलता येणार नाही, मावशी. मी तिथेच कपड्यांच्या ट्रॉलीवर बसले. रडले नाही. डोळ्यांत साबण गेला होता.

३ फेब्रुवारी

सुपरवायझरला मी कोरडा समजत होते. आज त्यानेच बोलावलं. आमच्याकडे डाग गेला नाही की चादर परत धुवायला टाकतात आणि त्याची वही वेगळी असते. त्याने ती वही काढली. त्याच दिवशी, त्याच पाळीत, नऊ चादरी परत धुतलेल्या. डाग कसला? रक्त. कुणाचं? वाळवणीच्या मशीनवरच्या बाईचं. म्हणाला, नऊ चादरी भिजल्या तर किरकोळ कसलं? त्याने शिक्का मारून पानाची कॉपी दिली.

मला वाटायचं आपलं रक्त त्या दिवशी वाया गेलं. नाही, नीट नोंदलं गेलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आता फोटो. अपघाताच्या आधीचा माझा फोटो घरात नाही. सगळे मुलाच्या जुन्या फोनमध्ये होते आणि तो फोन मी पँटसकट धुतला. स्वच्छ निघाला होता.

ट्रंकेत एकच सापडला. दोन मुली, सातेक वर्षांच्या, सारखे फ्रॉक, सारखं नाक. यातली मी कोणती हे मला सांगता येईना. ताईला विचारायला घेऊन गेले. तिने क्षणभर बघितलं आणि बोट ठेवलं. ही मी, ही धाकटी. विचार करावा लागला नाही तिला!

मी विचारलं, धाकटी आता कुठे असते?

म्हणाली, येईल गुरुवारी.

७ फेब्रुवारी

थांबाबाई म्हणते सातव्या वर्षीचा फोटो चालत नाही. अलीकडचा हवा. समोरून आणि दोन्ही बाजूंनी.

अलीकडचं माझं सरळ नाक. आहे की एक. वापरात आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला माझा निळा स्वेटर घातला. ती म्हणाली, बाई, मला उकडतंय. मी म्हटलं, पाच मिनिटं फक्त. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक. छान आले. ताई फोटोत नेहमीच माझ्यापेक्षा बरी दिसते.

हे खोटं नाही. आई आम्हाला एकाच तव्यावरच्या म्हणायची. नाक तेच आहे, फक्त दुसऱ्याकडे ठेवलेलं आहे.

१६ फेब्रुवारी

झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाकडून फोटो, वहीचं पान, सगळं कंपनीला पाठवलं. सूनबाईला सांगितलं नाही. तिला ऑफिसची कामं काय कमी आहेत.

आता सगळं मार्गी लागलं.

२० फेब्रुवारी

सहा आठवडे पूर्ण. पुन्हा तपासणी. आज कुठलीही गडबड चालणार नव्हती, म्हणून निघताना नाकात कापसाचा बोळा घातला. डावीकडे घातला. मग वाटलं, उजवीकडेही असू दे, पक्कं काम.

डॉक्टरीणबाईंनी गार पट्टी धरली. डावीकडे वाफ नाही, उजवीकडे वाफ नाही. त्यांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, आजी, या तपासणीप्रमाणे तुम्ही हयात नाही.

मग चिमट्याने दोन्ही बोळे काढले. पुन्हा पट्टी. उजवीकडे वाफ, डावीकडे कोरडं ठाक. जानेवारीत होतं तसंच. म्हणाल्या, खरंच बंद आहे हो तुमचं, एवढी मेहनत कशाला?

मी हळूच विचारलं, समजा एखाद्या बाईला स्प्रेने आठवड्यात बरं वाटलं तर? म्हणाल्या, सुरुवातीला वाटतं, सूज उतरते, पण पडदा वाकडा तो वाकडाच. म्हणजे तो महिनाभर रुमालात घातलेला स्प्रे सगळा फुकट. रुमालाला मात्र कधी सर्दी होणार नाही.

पण पुढचं ऐक. त्या म्हणाल्या, बाहेरचं हाड जागेवर बसवल्याशिवाय आतला पडदा सरळ राहणार नाही. दोन्ही एकदम करावं लागेल, मी तसं कंपनीला लिहिते. मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, नाकातून रक्त येत होतं.

२५ फेब्रुवारी

थांबाबाईचा फोन. स्वतःहून. विचारलं, आजी, हे तीन फोटो कधीचे? मी म्हटलं, अपघाताच्या आधीचे. ती म्हणाली, अपघात सप्टेंबरचा ना? म्हटलं, हो. म्हणाली, तुमच्या मागे भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर या वर्षीचा फेब्रुवारी आहे.

वृद्धाश्रमात नको तिथे वेळच्या वेळी पानं उलटतात.

मी म्हटलं, बाळा, मी लाइनवर थांबते. आणि फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी

पत्र आलं. सूनबाईने उघडलं, उभ्याने वाचायला लागली आणि बसून संपवलं. दावा नामंजूर. कारण दिशाभूल करणारी माहिती. पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येईल.

तिने विचारलं, आई, मावशींचा फोटो का पाठवलात? मी सांगितलं. सगळंच सांगितलं, आरशाचं, धाकटीचं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझा हात धरून म्हणाली, आई, मावशी तर मलाही ओळखत नाहीत. माझं नाक सरळच आहे ना?

मी म्हटलं, तू घरात नंतर आलीस.

म्हणाली, आणि तुमच्या मुलाला? त्याला तर त्यांनी मांडीवर खेळवलंय.

मी म्हटलं, त्याने दाढी ठेवली.

तिने वाद घातला नाही. पत्राची घडी घालताना तिची नजर माझ्या छातीवर गेली. मग म्हणाली, आई, तुमच्या गळ्यात काय आहे?

लाँड्रीचं ओळखपत्र. त्यावर माझा फोटो. चार वर्षांपूर्वीचा, तारखेसकट, हॉटेलच्या शिक्क्यासकट. नाक बाणासारखं सरळ. मी दोन महिने ट्रंका उपसल्या आणि हे माझ्याच छातीवर लटकत होतं. माझी तरी काय चूक, ते नाकाच्या खाली येतं.

५ मार्च, गुरुवार

ताईच्या कपाटाला चादर गुंडाळलीय. नर्सने सांगितलं, ताई आरशावर हात आपटायला लागली. धाकटे बाहेर ये, धाकटे बाहेर ये, म्हणून. काच फुटून लागेल म्हणून झाकला.

ताई पलंगाच्या कडेला बसून होती. कुणाशी बोलत नव्हती. माझ्याशीही नाही, चादरीशीही नाही. ताट तसंच होतं.

आता तिच्याजवळ दोघींपैकी एकही धाकटी नाही. घाई करायला हवी.

६ मार्च

रजा टाकून कंपनीच्या ऑफिसात गेले. नंबर घेतला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आवाजावरून ओळखलं, तीन नंबरच्या काउंटरवर थांबाबाई. पोरगी आहे हो. दात पुढे आहेत आणि हसताना तोंडावर हात धरते.

मी ठरवून गेले होते, श्वास, श्वास आणि श्वास. ओळखपत्र पुढे ठेवलं आणि म्हटलं, मला श्वास घेता येत नाही. आणि मग काय झालं कोण जाणे, सगळं बाहेर पडलं. जुळ्या, अकरा मिनिटं, येईल गुरुवारी, चादर गुंडाळलेला आरसा. म्हटलं, बाळा, माझी बहीण जेवत नाही, मला माझं तोंड परत पाहिजे.

बोलून झाल्यावर कळलं की आपण काय केलं. दिसण्यासाठी म्हटल्यावर कंपनी देत नाही, आणि मी कंपनीच्या काउंटरवर बसून तेच बोलले.

थांबाबाईने कीबोर्डवरून उचललेले हात परत ठेवले. मग म्हणाली, आजी, मला तुमचं पहिलं वाक्य ऐकू आलं. श्वास घेता येत नाही. तेवढंच लिहिते. फोटोबद्दल एक माफीचं पत्र द्या. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. म्हणाली, मग बोला, मी लिहिते, अंगठा द्या.

अंगठा जरा जास्तच दाबून दिला. नीट उमटायला हवा.

९ मार्च

फोन नाही.

१० मार्च

फोन नाही. मी केला. लाइनवर थांबा म्हणाली, पण आवाज वेगळा. थांबाबाई रजेवर आहे. सगळ्या जगाला आत्ताच रजा सुचतात.

१२ मार्च, गुरुवार

ताईने दोन घोट दूध घेतलं. नर्स म्हणते कालपासून तेवढंच. मी चमचा पुढे केला तर म्हणाली, तुम्ही घ्या, बाई, तुम्ही लांबून आलात.

रिटायरमेंटला एकोणीस दिवस. आज मोजायला बोटं पुरली नाहीत.

१३ मार्च, दुपारी

मंजूर! आतलं आणि बाहेरचं, दोन्ही! वीस तारखेला ऑपरेशन!

सूनबाईने पत्र तीनदा वाचून दाखवलं. लाँड्रीत कळल्यावर जोडीदारणीने मला चादरीत गुंडाळून ट्रॉलीत बसवलं आणि पूर्ण मजला फिरवला. सुपरवायझरने पाहिलं आणि वहीत काही लिहिलं नाही.

बघ म्हातारे. सगळे म्हणत होते, नाद सोड. तू त्यांचं ऐकलं असतंस तर?

१९ मार्च, गुरुवार

ताईला सांगितलं, आता काही आठवडे येणार नाही, पण येईन तेव्हा तू मला बघताक्षणी ओळखशील. ती म्हणाली, या हं, बाई. आणि माझ्या नाकाकडे बघून जरा हसली.

अशी हसली, की म्हटलं, हसून घे, शेवटचं.

२० मार्च, संध्याकाळी

झालं. नाकात बोळे आहेत. या वेळी डॉक्टरांनी घातलेले. तोंडाने श्वास घेतेय. जास्त बोलू नका म्हणाल्यात. ते मला कठीण.

२६ मार्च, गुरुवार

गेले नाही. नाकावर प्लास्टर, डोळ्यांखाली काळंनिळं. मला या तोंडाने पाहिलं तर ती पोलीसच बोलावेल. सूनबाई एकटी जाऊन आली. ताई जेवली का विचारलं. म्हणाली, थोडं. ती थोडं म्हणते तेव्हा नाही असतं.

२८ मार्च

प्लास्टर काढलं. डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला. आरशात ताई.

मीच म्हटलं, ताई, जेवलीस का?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय म्हणालात? मी म्हटलं, काही नाही, श्वास कसा येतोय ते बघत होते.

३१ मार्च

रिटायर झाले. लाँड्रीने सहा टॉवेल दिले. घडी आमच्याच जोडीने घातलेली, मी ओळखली. विमा संपला. पण काम झाल्यावर संपला. मी अशी हिशोबी.

२ एप्रिल आणि ९ एप्रिलचा गुरुवार

दोन्ही वेळा गेले नाही. सूज अजून आहे, आणि अर्धवट दाखवून सगळी मेहनत वाया घालवायची नाही. पूर्ण सरळ होऊ दे. सूनबाई म्हणाली, आई, जाऊन तर या, त्या वाट बघत असतील. मी म्हटलं, कुणाची? मला तर ती ओळखत नाही.

१५ एप्रिल

उद्या. निळा स्वेटर धुवून ठेवला. ताई भांग जसा पाडते तसा पाडून पाहिला. आत जाऊन काय बोलायचं? काहीच नाही. नुसतं उभं राहायचं. ती म्हणेल, धाकटे, इतका उशीर? मग मी बोलेन. पहिली शिवी मी देणार.

१६ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळी

दारात उभी राहिले. निळा स्वेटर, भांग, नाक सरळ. खिडकीतून ऊन बरोबर तोंडावर येत होतं, तशीच उभी राहिले होते.

ताईने बघितलं. नीट बघितलं, वेळ घेऊन.

म्हणाली, कोण हवंय?

मी म्हटलं, ताई, मी धाकटी.

म्हणाली, बसा ना. इथे सगळे येतात, बसा.

बसले. बरीच बारीक झालीय. हात धरू दिला. मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, तुम्ही बाहेरून आलात ना? येताना ती दिसली का?

कोण?

ती हो, वाकड्या नाकाची. गुरुवारी यायची. दर गुरुवारी यायची, चुकायची नाही. बडबड फार, पण जीव लावायची. मला लांबूनच कळायचं नाक बघून, की आली. आता किती दिवस झाले, येत नाही. तिला इथे कुणी काही बोललं का?

मी म्हटलं, नाही, कुणी काही बोललं नाही.

म्हणाली, मग आजारी असेल.

म्हटलं, असेल.

नर्स आत येऊन ताट ठेवून गेली. ताईने ताट बाजूला सारलं. म्हणाली, ती भेटली तर सांगाल का? उकडलेले बटाटे आण म्हणावं. इथले कच्चे राहतात. ती आणेल, ती तशी आहे.

म्हटलं, सांगते.

परत येताना बसमध्ये डॉक्टरीणबाईंना फोन लावला. विचारलं, हे पुन्हा वाकडं करता येतं का? होतं तसंच, डावीकडे. त्यांनी मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, आजी, श्वास कसा आहे?

म्हटलं, छान आहे.

खरंच छान आहे. दोन्ही बाजूंनी येतो. बसमधल्या सगळ्यांचे वास येत होते.

फोन, आता पुढचं सूनबाईला वाचून दाखव. सूनबाई, पुढच्या गुरुवारी डबा घेऊन तू जा, मी खाली फाटकाशी थांबेन. ताईला सांग, वाकड्या नाकाच्या बाईने पाठवलाय, तिला जरा बरं नाही. चार बटाटे घे, मध्यम. सालीसकट उकड, पार मऊ होईपर्यंत, आणि गरम असतानाच सोल. फोडी लहान कर, तिला आता चावत नाही. लोणी थोडंसं लाव. मीठ घालू नकोस, वेगळ्या कागदात बांधून दे, ती स्वतःच्या हाताने घालून घेते.